मे महिन्यात हीटर

गावखडीला सुरूच्या बनाअलीकडे माझं गॅरेज.
दुपारी पत्रा तापून टणटण वाजतो.
अशा वेळी तोडणकर वहिनी आल्या, जुनी करडी गाडी घेऊन,
म्हणाल्या, अशफाक, हीटर गार वारा फेकतो. बघ जरा.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.
एसी का?
एसी बरा आहे रे. तो कोणाला हवाय.

तीस वर्षांत हीटर दुरुस्तीला आलेला नाही माझ्याकडे.
आंब्याच्या पेटीत पेंढा येतो, तसा तो गाडीत येतो इथे.

मागच्या सीटवर विश्रामभाऊ. स्वेटर, वर टॉवेल, कानाला मफलर,
आणि कपाळावर घामाचा थेंब नाही.
पूल व्हायच्या आधी खाडीत तर चालवायचे,
आता आठवड्यातून तीनदा रत्नागिरी, चार-चार तास मशीनवर.
येताना हुडहुडी भरते त्यांना, वहिनी म्हणाल्या,
पावसपर्यंत दात वाजत असतात.

इंजिन चालू ठेवलं वीस मिनिटं.
काटा उठेना,
ओहोटीला चिखलात बसलेल्या होडीसारखा.
म्हणजे थर्मोस्टॅट नाही.
मग बॉनेटखाली हात घातला, पार आतल्या पत्र्यापर्यंत,
जिथून दोन पाइप डॅशबोर्डमागे जातात.
एक गरम पाणी नेतो, एक परत आणतो.
मला पण दोनच नळ्या लावतात, मागून आवाज आला.

इथे एकही नव्हती गेलेली.
एकच तुकडा, वळवून,
इंजिनातून निघून इंजिनातच शिरलेला,
आणि क्लिपवर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका.

ठिपका माझा.
गॅरेज नवीन होतं तेव्हा प्रत्येक कामावर खूण करायचो.
सगळं आठवलं. पाइप चिरला होता, पायाशी पाणी साचायचं,
नवा कोल्हापुराहून आणायला हवा होता,
आणि मी म्हणालो होतो, कोकणात हीटर घेऊन काय लोणचं घालायचंय?
दीडशे रुपये घेतले होते.
थर्मोस्टॅटही तेव्हाच काढला असणार, गाडी तापू नये म्हणून.
तेव्हा सगळेच काढायचे.

कोणीतरी बायपास केलाय, वहिनींना म्हटलं.
कोणी?
असेल कोणीतरी.
विश्रामभाऊ टॉवेल सारखा करत म्हणाले,
पिवळा रंग ना? माझ्या तरीचा होता तो.
अर्धा डबा नेलास, अजून परत यायचाय.

कोल्हापूरच्या एसटीने पार्सल आलं तिसऱ्या दिवशी.
पाइप जोडायच्या आधी हीटरच्या जाळीत उलटं पाणी सोडलं,
आधी काहीच नाही, मग चहासारखं,
मग गंजाचा गाळ, विहिरीच्या मचूळ पाण्याचे पापुद्रे,
आणि कितीतरी वेळाने नितळ.
नवं कूलंट भरलं, तरी वारा गारच.
हवा अडकली होती.
गाडी चढावर घातली, तोंड वर, रेडिएटरचं झाकण काढून,
आणि बसलो बुडबुडे बघत.
एक आला. मग बराच वेळ काही नाही. मग चार-पाच एकदम.
काटा हळूहळू मध्यावर येऊन थांबला.

डॅशबोर्डच्या फटीतून आधी जळक्या धुळीचा वास आला,
त्यामागून ऊब.
विश्रामभाऊंनी पुढे होऊन दोन्ही तळवे धरले समोर,
शेकोटीला धरतात तसे,
आणि काहीच बोलले नाहीत.
वहिनींची मान घामाने निथळत होती.
काच खाली घ्या, मी म्हटलं.
नको, म्हणाल्या, जाईल ती बाहेर.

बिलात लिहिलं: थर्मोस्टॅट एक, पाइप दोन, क्लिपा चार, कूलंट.
मजुरीपुढे रेघ मारली.
वहिनींनी रेघेवर बोट ठेवलं. हे काय?
रंगाचे, मी म्हटलं.

गाडी पुलावर चढली,
मे महिन्याच्या साडेतीनच्या उन्हात,
चारही काचा बंद.