कुणी कुणाचं ऐकायचं

दारूखान्यात, बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात
सात मिनिटं जास्त झाली आहेत.
टाइमकीपर आरोंदेकर म्हणतात, मशीन चुकत नाही.
वेल्डर इस्माईल परकार म्हणतो, मग भोंगा चुकतो काय?
त्याच्या नावापुढे या महिन्यात अकरा लेट मार्क.
तीन लेटला अर्धा दिवस कापतात.
हिशेब तो बोटांवर करून दाखवतो,
बोटं ठिणग्यांनी ठिपकेदार.

मी स्क्रू काढते, झाकण उघडते.
आत गंजाची पूड, एक वाळकं झुरळ,
आणि कोपऱ्यात नाण्याएवढा सेल.
वीज गेली, सगळं निजलं, तरी हा एकटा मोजत राहतो,
रात्रपाळीच्या माणसासारखा, डोळे किलकिले,
मधे मधे डुलकी.

एका डब्यात दोन घड्याळं असतात, मी सांगते.
एक हे खालचं, सेलवर चालणारं.
दुसरं वरचं. मशीन सुरू होताना ते खालच्याला एकदाच विचारतं,
किती वाजले रे?
आणि मग स्वतःच्याच मनानं पुढे मोजत सुटतं.
तुमचं मशीन तर गणपतीपासून बंदच झालेलं नाही.
तिसरं घड्याळ लांब आहे, तारेपलीकडे,
अधूनमधून त्याला विचारायचं असतं.
ती तार इथे काथ्यासारखी गुंडाळून
खिळ्याला टांगलेली.
पंख्याला जागा हवी होती, आरोंदेकर म्हणतात.

मग जुळवा की दोघांना.

जुळवणं सोपं आहे. एका ओळीचं काम.
पण कुणी कुणाचं ऐकायचं, ते आधी ठरवावं लागतं.
वरचं सात मिनिटं पुढे, खालचं दोन मिनिटं मागे,
आणि उलट्या दिशेनं एंटर दाबला
तर चूक खालपर्यंत उतरते.
मग दोघांचं एकमत होतं,
आणि एकमत झालं की पुन्हा कुणी विचारत नाही.
आरोंदेकर यावर जरा जास्तच वेळ मान हलवतात.

तार जोडली. बरोबर वेळ आली.
आता मागे कसं यायचं?
हळूहळू आलो, प्रत्येक सेकंद केसभर लांबवत,
तर दहा दिवस.
परकार म्हणतो, तोवर माझा अजून एक दिवस जाईल.
एकदम मागे खेचलं तर नोंदी एकमेकींत घुसतात,
माणूस आत यायच्या आधीच बाहेर गेलेला दिसतो.
म्हणून रात्री. कुणी अंगठा लावत नाही तेव्हा.

आम्ही थांबलो. चहा आला, डिझेलच्या वासाचा.
आरोंदेकर सांगत होते, त्यांच्या आजोबांच्या वेळी
या शहराचं स्वतःचं घड्याळ होतं,
देशाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे,
आणि आजोबा त्याच वेळेवर जेवायचे, मरेपर्यंत.
तेव्हा लेट मार्क कुणाच्या वेळेनं? परकारनं विचारलं.
खाडीकडून कुत्री भुंकली.

दोन सत्तेचाळीसला दोन चाळीस केले.
मग खालच्याला वरचं सांगितलं. नवा सेल घातला.
ती सात मिनिटं मशीनच्या हिशेबी दोनदा आली.
दुसऱ्या खेपेला आम्ही काहीच केलं नाही.

आणि माझे अकरा?
ते मशीनला सांगता येत नाही, मी म्हणाले.
लेखी द्या, आरोंदेकर म्हणाले, मशीन पुढे होतं.
पण कधीपासून? किती?
सिद्ध कसं करणार?

परकार उठला, आम्हाला शेडमध्ये घेऊन गेला.
भिंतीला टेकलेली लोखंडी प्लेट, तिच्यावर खडूच्या रेघा.
दर सोमवारी भोंग्याला त्यानं मशीनची वेळ पाहिली होती.
अर्धं मिनिट. एक. दीड. दोन.
चौदा सोमवार, एकाच उतारावर,
एकही रेघ वाकडी नाही.
माझ्या यंत्रात या नोंदीची वेगळी फाइल असते.
ह्याच्याकडे खडू.

पुसू नकोस, आरोंदेकर म्हणाले, पहिल्यांदाच एकेरीवर येत.
पुसत नाही, पण सकाळी ही प्लेट बोटीला लागणार.

मी फोटो काढला.
खाली कोपऱ्यात वेळ उमटली, दोन एकावन्न.
परकारनं वाकून ती वाचली,
मग बाहेर जाऊन ऑफिसातली पाहून आला.