आंधळं वर्तुळ

पहाटे चार अठराला यंत्रानं तिसऱ्यांदा खोटी हाळी दिली.
अलोऱ्याच्या शाळेतून नजीब मुकादमचा फोन:
म्याडम, भूकंप नाय, फणस पडला.
बरका, पार पिकलेला,
तुमच्या डब्यापासून हातभर.

मी नोंद केली: फणस.
त्याच्या वरच्या नोंदी:
चिरेखाणीतला सुरुंग.
बोगद्याकडे निघालेली मालगाडी.
शिमग्याची पालखी, नाचवणारे अंदाजे चाळीस.

समजावून सांगायला काम सोपं आहे.
गेल्या अर्ध्या सेकंदाची सरासरी
भागिले गेल्या अर्ध्या मिनिटाची.
भागाकार चारच्या वर गेला की कान टवकारायचे.
आईला हे गणित येत होतं.
पायरीवर बाबांच्या चपला वाजल्या
की ती आमटी गरम करता करता म्हणायची,
आज पॉवरहाउसात काहीतरी बिनसलंय.

अडचण समुद्राची आहे.
घाटाखाली पुरलेल्या डब्यालाही तो ऐकू जातो,
दर सहा सेकंदांनी एक उसासा,
आणि उधाण आलं की माझी मोठी सरासरी फुगते,
तिच्याआड खरा धक्का बसून राहू शकतो.
नजीबचा चुलता दाभोळला होडी चालवतो, तो म्हणाला,
हाक ऐकायची तर आम्ही मशीन बंद करतो.
समुद्राला बटण नाही.
मी गाळणी लावते: सेकंदाला एकाहून संथ ते सगळं बाहेर.

जमीन फाटते तेव्हा दोन लाटा निघतात.
पहिली हलकी, सेकंदाला सहा किलोमीटर,
ती नुसती वर्दी देते.
दुसरी साडेतीननं येते आणि घर धरून हलवते.
त्या दोघींच्या मधल्या फटीत माझी नोकरी.

इथे गुहागरला बारा सेकंद मिळतात.
मी घड्याळ लावून पाहिलं:
चष्मा सापडेपर्यंत चार,
गॅस बंद, कडी काढली, अंगणात आले,
एक सेकंद उरला, तो मांजर शोधण्यात गेला.
चिपळूणला तीन.
अलोऱ्याला उणे एक.

उणे म्हणजे
फोन वाजेल तेव्हा मांडणीवरचे डबे खाली आलेले असतील.
नकाशावर त्याला आंधळं वर्तुळ म्हणायचं.
मी ते राखाडी रंगानं भरते.
माझं माहेर त्या राखाडीत आहे.

बाबांनी विचारलं होतं, आपल्याकडे किती आधी कळेल?
अजून टेस्टिंग चालू आहे, मी म्हटलं.
त्यांनी पुढे विचारलं नाही.
साठ वर्षं धक्के खाल्लेला माणूस,
झोपेत कूस बदलता बदलता आकडा सांगतो, साडेतीन असेल,
आणि तो बहुधा साडेतीनच असतो.
पुढच्या रविवारी बघते तर
पलंग कपाटापासून लांब सरकवलेला,
तांब्याचा हंडा जमिनीवर.

फणसाच्या भानगडीनंतर त्यांनीच डबा घरी मागून घेतला.
शाळेत फणस आहे, म्हणाले,
आपल्याकडे नुसती सुपारी, ती काय पडेल.
नजीबनं जिन्याखाली खड्डा खणला,
बाबांनी पाटी लावली: येथे मुसळ आपटू नये.

आता त्यांच्या घराची रेषा माझ्या पडद्यावर सरकत असते.
पाच दहाला ती हलते.
बारीक, लंगडी,
डावं पाऊल उजव्याहून जड.
पंपाकडे जाताना सात ठोके,
मग थांबा. आज नेहमीपेक्षा मोठा.
मग परत सात.

भागाकार एक पूर्णांक तीन.
मर्यादा चार आहे.
प्रोग्राम गप्प राहतो.