दिवा धरणारी

विल्मारने मला बोलावलं ते सीट शिवायला.
शिलाई किती घेशील, म्हणाला.
मी म्हटलं, आधी गाडी दाखव.

शेडमध्ये विटांवर टेकलेला सांगाडा,
दारं जुन्या गादीवर आडवी,
आणि नटबोल्ट मुरंब्याच्या बरण्यांत,
प्रत्येक बरणीवर चिठ्ठी:
डावं पुढचं. उजवं मागचं.
एकीवर नुसतंच: देव जाणे.

हिलमन, एकावन्न सालची.
फ्राय बेंतोसच्या कोंबड्यांनी तिच्यात
किती पिढ्या उबवल्या कोण जाणे;
डॅशबोर्डमागून मी मूठभर पिसं काढली
आणि एक अंडं, दगडासारखं हलकं.
हो, हलकं. आत काहीच उरलं नव्हतं.

मापं घेऊन झाली तरी मी थांबले.
जुलै होता, नदीचा वारा पत्र्याच्या फटीतून
थेट मणक्यात शिरत होता,
आणि त्याला दिवा धरायला कुणी नव्हतं.
इकडे धर, निबिया.
नाही, माझ्या डोक्यावर नको, माझ्या डोळ्यांपुढे.
असा मी तीन हिवाळे दिवा धरला.

मांसाचा कारखाना बंद पडला
तेव्हा भंगारात घेतलेला लेथ,
रात्री त्यावर चादर घालतो तो,
तापातल्या पोरावर घालावी तशी.
स्टिअरिंगचा बुश मोंतेविदेओत मिळेना,
एकाने ब्राझीलचा पत्ता दिला, तिथेही नाही.
मग त्याने कारखान्याच्या मोरीतला नळ आणला,
ज्याखाली एकतीस वर्षं हात धुतले होते,
तो पितळी नळ शेगड्यात आवळला,
कापला, लेथवर चढवला.
पितळेची सोनेरी कुरळी साल
माझ्या स्वेटरला अडकून घरी आली.
मी ती काढली नाही दोन दिवस.

डाव्या दाराखालची लांबी खरवडताना
त्याचा पटाशीचा हात थांबला.
आधीच्या कुणीतरी घाईत भरलेली लांबी,
आणि तिच्यात अंगठ्याचा ठसा,
रेषा न् रेषा शाबूत.
कोण असेल? विल्मार म्हणाला, गाढव असेल,
पॉलिश पेपर मारायचाही आळस.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
नवा पत्रा जोडला त्याने सगळीकडे,
तेवढं बोटभर सोडून.
वरून रंग बसला. आता दिसत नाही.
मला माहीत आहे कुठे आहे.

हात कधी थरथरायला लागला
हे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही, असं ठरलं आमचं.
पडलेला वॉशर मी उचलायचे,
तो थंडीला शिव्या द्यायचा.
ऑक्टोबर आला, थंडी गेली,
शिव्या द्यायला कुणी उरलं नाही.
कार्ब्युरेटरचा तो बारका स्क्रू,
तांदळाएवढा, तीनदा निसटला,
चौथ्यांदा आटे चुकून तिरका बसला.
विल्मारने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.
येर्बाचा थर्मास उघडला, बंद केला.
मग माझ्याकडे न बघता
माझ्या हातातला दिवा घेतला.

सुईत दोरा ओवण्यात आयुष्य गेलं माझं,
आटे म्हणजे काय, लोखंडाची टीपच की.
आधी उलटा फिरव, तो म्हणाला,
टक वाजेल, मग सुलटा.
टक वाजलं.
मी पान्हा अर्धा वळसा ढिला केला
आणि नळीतून पेट्रोल आलं,
पान्ह्याने पान्हा फोडला,
माझ्या मनगटावरून थंडगार ओघळ.

गाडी अजून चालत नाही.
खोकते, दोन घरं जागी करते, बंद पडते.
सीट मी शिवलेल्याच नाहीत,
कापड तसंच पडून आहे, बाटलीच्या काचेचं हिरवं.
रोज संध्याकाळी जाते.
मी आत हात घालून बसते, तो दिवा धरतो,
आणि उजेड भिंतीवर, मडगार्डवर,
माझ्या बोटांवर सारखा हलत राहतो.
मी काही म्हणत नाही.
उजेड फिरून स्क्रूवर आला
की तेवढ्यात एक आटा वळवते.