खालची पट्टी

फरशी चकचकीत, म्हणून बूट दाराशी काढायला लावले.
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
"पाय दिसणार नाहीत," म्हणाला माइक लावणारा पोरगा,
मग पावडरचा डबा उघडला. दोन छटा होत्या त्यात,
माझी कुठलीच नव्हती.
त्यानं दोन्ही मिसळल्या. "हो जाएगा, भिया."

एलआयजी चौराहा, तिसरा मजला, रात्रीचे आठ.
डावीकडे मिश्राजी, खालच्या पट्टीवर: वरिष्ठ विश्लेषक.
उजवीकडे एक मॅडम: अर्थतज्ज्ञ.
शीलवंत तायडे, आणि नावाखाली: दलित विचारक.
सव्वीस वर्षं मी संख्याशास्त्र शिकवलं.
नमुना केवढा असावा, यावरून
दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांना झापलं.

"तायडेजी, कोटे के अंदर कोटा,
आपका समाज क्या सोचता है? बीस सेकंड."

मिश्राजींना त्यांच्या समाजाचं कुणी विचारलं नव्हतं.
ते नुसतेच विचार करत बसले होते, मोकळे.

वीस सेकंदांत माणूस
पाटनीपुऱ्याच्या चौकातून आमच्या गल्लीच्या तोंडाशीही पोचत नाही.
गल्लीत सुमेध, सहा वर्षं पीएससीला बसणारा,
त्याला वाटतं आता त्याचीच जागा जाणार.
पलीकडे कैलाश मालवीय, बलाई. तो हसून म्हणतो,
"सर, तुमचा समाज म्हणजे तुम्ही मराठीवाले.
आम्ही कधी होतो त्यात?"
पुतणी विशाखा बंगळूरला, आडनाव गाळून:
"काका, मला यात ओढू नका हं."
आणि बाबा, मालवा मिलमधले. साच्यावर घेतलं त्यांना,
मागावर कधीच नाही, कारण तिथं धागा तोंडानं ओढायचा असतो.
बाबांना काय वाटलं असतं?
त्यांना कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

मी म्हणालो, "समाज में बहुत रोष है."

वाक्य नेमकं बसलं. अँकरनं मान हलवली.
रोष! आमच्या घरात हा शब्द
आजवर कुणी उच्चारलेला नाही.

परतताना भागरथा मावशीकडे थांबलो.
पाटीत हरभऱ्याचे घाटे सोलत होती.
"कोण रागावलंय म्हणत होतास?"
"आपण."
"मी तर तेव्हा डुलकी काढत होते.
मला रागवायचं असलं की मी रागावते,
नळावर विचार कुणालाही.
तुला आला आसंल तर तुझा सांग.
माझा माझ्यापाशी राहू दे, त्याला अजून काम हाये."
हे सगळं खालच्या पट्टीत, मान वर न करता.
मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले, मग म्हणाली,
"पण गेलास ते ब्येस केलंस.
मागल्या खेपेला त्या खुर्चीवर कोण भला माणूस होता,
आपल्याविषयी इतकं गोड बोलला,
मला वाटलं आपण वारलो की काय."

गुरुवारी पुन्हा फोन.
मी म्हटलं, पट्टीवर लिहा: निवृत्त प्राध्यापक, पाटनीपुरा.
"सर, इतनी जगह नहीं है."

मग मी अकरा जणांना फोन लावले.
सात जणांनी उचलला. एकानं विचारलं, पैसे किती देतात.
दोघं आपसांतच भांडले, माझ्याच फोनवर.
विशाखा बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "लिहा. पण नाव नको."

कागद खिशात घालून गेलो. मोजे नवे.
"तायडेजी, आपका समाज?"
मी चष्मा लावला आणि वाचलं:
अकरांना विचारलं. चौघे विरोधात, दोघे बाजूनं,
एक ठरवायचा आहे, चार जणांचं मला माहीत नाही.
बाकीच्या लाखोंचंही नाही.
माझं विचाराल तर मी बाजूनं,
आणि त्यावरून घरात सुमेध माझ्याशी बोलत नाही.

अँकर कानातल्या आवाजाकडे कलला.
"मतलब... रोष है?"

वीसातले नऊ सेकंद अजून उरले होते.
ते मी भरले नाहीत.