उभ्या विजारी

त्या वर्षीच्या ख्रिसमसचा एकच फोटो आहे,
आणि त्यात आमच्यापैकी कोणीही नाही.

टू हार्बर्सच्या गोदीवर तेव्हा
आठवड्यातून दोनच दिवस काम.
बाबांनी विजेचं बिल फळीवर ठेवलं
आणि त्यावर मिठाची बरणी.
यंदा दिवे नाहीत, हे न विचारता कळलं.

समोर हाल्वर्सनबाईंच्या अंगणात
हवा भरलेला रेनडियर रात्रभर घुमायचा.
सकाळी पंखा बंद झाला की बर्फावर पालथा,
शिंगांपासून शेपटीपर्यंत नुसतं कापड.
शाळेला जाताना ओन्नी त्याला
हळूच सांगायचा, "ऊठ रे."

एका शनिवारी आईनं तळघरातून टब वर आणला,
सगळ्यांच्या जुन्या जीन्स त्यात बुडवल्या
आणि म्हणाली, "चला, माणसं करू."

ओली जीन्स दारात धरायची,
तीनशेपर्यंत मोजायचं.
कुरकुरायला लागली की पाय फाकवायचे,
कमरेचं तोंड गोल उघडायचं,
मग थंडीवर सोडून द्यायचं.
हातमोज्यांतली बोटं आपली की उसनी, कळेनासं होतं.
पण अर्ध्या तासात पॅन्ट
पाय रोवून उभी.

बाबांची, लाथ मारायच्या बेतात.
आईची, उगाच नाचरी.
माझी, एका पायावर.
ओन्नीची त्यानं टपालपेटीला टेकवली,
तंगडी वर करून, कुत्र्यासारखी.
आई ओरडली, मग हसत हसत पायरीवर बसली.
डोकी नाहीत, हात नाहीत,
अक्कल गुडघ्यात असलेलं आमचं कुटुंब
रस्त्याकडे तोंड करून उभं.

आर्विदची तिनं शेवटी आणली.
तो जहाजावर होता, कच्चं लोखंड वाहणाऱ्या,
कालव्याचे दरवाजे बंद होईपर्यंत घरी येणार नव्हता.
ती जीन्स तिनं कोणाला बुडवू दिली नाही.
उभी केली, एकटीनं,
आणि तोंड सरोवराकडे.

सोमवारी पोस्टाच्या डेल्फीननं
पत्रं पेटीत न टाकता
बाबांच्या कमरेत खोचली.
बर्फ काढणारा ट्रक आमच्यापुढे हळू व्हायचा,
भोंगा वाजवायचा, दोनदा.
ज्यांना आम्ही नावानं ओळखत नव्हतो
त्या गाड्यांतून मुलं काचेला नाक लावून बघायची.

मग एका रात्री दार वाजलं.
हाल्वर्सनबाई.
हातात बादली, बादलीत पाणी,
पाण्यात एक निळा डगला-विजार,
खांद्यावरचे पट्टे बाहेर लोंबणारे.
"जागा आहे का तुमच्याकडे?"
बाबा काही बोलले नाहीत.
त्यांनी बूट घातले.
आम्ही खिडकीतून पाहिलं,
दोघं अंधारात तीनशेपर्यंत मोजत होते,
आपापल्या भाषेत.
बाबा फिनिशमध्ये आधी पोचले
आणि थांबले, तिच्यासाठी.

सकाळी रेनडियर पडला होता,
नील हाल्वर्सन आमच्या अंगणात ताठ,
आर्विदच्या शेजारी.
फोटो त्या सकाळचा.

जानेवारीत एक दिवस ऊन पडलं.
आधी ओन्नीच्या पायांतून थेंब,
मग माझी कलली, आईची मुरडली,
बाबा अंगणात लोळण घेऊन मोकळे.
आर्विदचे गुडघे सगळ्यांत उशिरा वाकले.
त्याच दुपारी तो पिशवी खांद्यावर टाकून आला,
बर्फात टेकलेल्या आपल्याच पॅन्टपुढे थांबला,
म्हणाला, "मी इतका बारीक होतो?"
आई तोवर चपला न घालता पायरीवर आली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत हाल्वर्सनबाई आल्या.
सावलीच्या बाजूचा तो निळा डगला
अजून घडी घालण्याइतका मऊ झाला नव्हता.
आर्विद म्हणाला, "मी आणून देतो."
त्या म्हणाल्या, "नको. हलका आहे."
आणि तो तसाच काखेत धरून
रस्ता ओलांडून गेल्या.
अर्धवट गोठलेले ते पाय
त्यांच्या प्रत्येक पावलाबरोबर
मागे-पुढे, मागे-पुढे
चालत होते.