हे बरं, की हे?

जामनेर रोडवरच्या माझ्या दुकानात
एकतीस वर्षं मी हाच प्रश्न विचारतोय.
नाकावर जड गोल चौकट,
एक काच सरकवायची, एक काढायची.
हे बरं, की हे?
आता? की आता?
समोर भिंतीवर अक्षरांची उतरंड
आणि पाव नंबरापाशी सगळेच अडखळतात.
साकेगावचे सुपडू अत्तरदे एकदा म्हणाले,
‘मले तं दोन्ही सारखेच दिसता भाऊ,
तुमी म्हनता तं दुसरं बरं.’

मागच्या महिन्यात नवा स्ट्रीमर घेतला.
पुण्याहून आला, खोक्याच्या आत खोकं.
किंमत कुमुदिनीला निम्मी सांगितली,
तिनं ती मनात दुप्पट करून घेतली,
हे त्या दिवशीच्या चहावरून कळलं.
जुना तळहाताएवढा, प्लास्टिकचा.
नवा ॲल्युमिनियमचा, उचलायला वरवंटा.
वजन आवाजात उतरतं असं का वाटतं आपल्याला?
वाण्याच्या तराजूची सवय असेल.

पहिल्या रात्री मला सगळं ऐकू आलं.
तानपुऱ्याच्या जवारीतला कण न् कण,
पंचमावर जाण्याआधी बाईंनी घेतलेला श्वास,
मागे बसलेल्या कुणाचीतरी बांगडी.
मी हाक मारली: बांगडी ऐकलीस?
स्वयंपाकघरातून उत्तर आलं,
‘ती पहिल्यापासून आहे.
तुम्ही तेव्हा मोबाईल बघत असता.’

रविवारी परीक्षा तिनंच मांडली.
माझ्या डोळ्यांवर ओढणी,
ॲम्प्लिफायरचा खटका तिच्या हातात.
मे महिना, भुसावळ, पारा सेहेचाळीसला,
कोपऱ्यात कूलर घरघरतोय.
‘ह्यात काय डोंबल ऐकणार?’ म्हणत
तिनं तो बंद केला.

आणि काय सांगू,
खोलीतून दहा माणसं उठून गेल्यासारखं झालं.
बाई एकदम समोर येऊन बसल्या.
अजून एकदाही खटका फिरवला नव्हता.

हे बरं, की हे?
दुसरं.
आता?
पहिलं. नाही, थांब. परत लाव.
हे? की हे?
तिच्या आवाजात माझाच दुकानातला सूर,
गिऱ्हाइकाला न दुखवणारा.
घाम कानामागून कॉलरमध्ये.
यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांना लागत गेले,
खडाड खडाड, पार लांबपर्यंत,
तेवढ्यात तिनं बहुतेक दोनदा खटका फिरवला.

बारा वेळा विचारलं. सात बरोबर.
‘सात म्हणजे पास ना?’
‘नाणं उडवलं असतं तरी सहा आले असते.’
शाळेत गणित शिकवायची ती, रिटायर होऊन दोन वर्षं झाली.
ओढणी सोडली.
नवा स्ट्रीमर निळा दिवा लावून
पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा बसला होता.

परत पाठवायची मुदत शुक्रवारपर्यंत होती.
शुक्रवारी दुकानात गर्दी होती, असं म्हणू.
जुना भाच्यानं वरणगावला नेला,
त्याला म्हणे तो फारच गोड वाजतो.

आता रोज रात्री साडेनऊला
वीस मिनिटं कूलर बंद असतो.
मानेवर ओला पंचा घेऊन मी,
आणि ती समोर शेंगा सोलत.
बांगडीच्या जागी
तिचे हात थांबतात.
मी पाहतो, बोलत नाही.

परवा फैजपूरची एक मुलगी आली.
महागड्या काचेनं खरंच फरक पडतो का, काका?
ह्याचं उत्तर मला पाठ आहे, कोटिंगच्या नावांसकट.
पण हात पुढे केला,
तिचा चष्मा काढून घेतला,
हाऽऽ करून फुंकर घातली,
मलमलीच्या फडक्यानं पुसला, परत दिला.
आता?
ती बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली.
रिक्षा, रसवंती, वायरवरचे कावळे.

तरी घेतली तिनं महागडीच.
मी काही अडवलं नाही.