हातचा एक

रात्रीचे सव्वादोन. सास्काटून. बाहेर उणे एकतीस.
पार्किंगमधल्या गाड्या वायरींनी भिंतीला बांधलेल्या,
गोठ्यातल्या गुरांसारख्या, इंजिनं गोठू नयेत म्हणून.
आणि मी, डोरीन पावलिशिन, संघाची हिशोबनीस,
तेवीस माणसांची बेरीज
पुन्हा एकदा खालून वर करते आहे.

लीगनं अंथरूण सगळ्यांना एकाच मापाचं शिवलंय.
तेलविहिरीवाल्या मालकाला तेवढंच,
आमच्या बटाटेवाल्यालाही तेवढंच.
पाय ज्याचे त्यानं दुमडायचे.

आमचा लांब पाय म्हणजे लाँडसेथ.
वर्षाला एक कोटी दहा लाख डॉलर, आठ वर्षं.
सही झाली त्या दिवशी सगळे उभे राहिले.
मी बसून होते.
नाकाचं माप मला ठाऊक होतं, आणि मोती मीच तोलला होता.

कोच म्हणतो, मला खेळ कळत नाही.
त्याला भागाकार कळत नाही.
पण पॉवर प्ले दोघांनाही सारखाच सलतो.
समोरचा कुणी आमच्या माणसाला स्टिक घालून पाडतो,
दोन मिनिटं काचेच्या पेटीत जाऊन बसतो, मान खाली.
पाच विरुद्ध चार.
कुणीतरी आपण होऊन हातचा एक देतं
आणि आम्ही तो मिळवायला विसरतो,
तिसरीतल्या पोरांसारखे.
शंभरात अकरा. लीगमध्ये तळाला.

एल्डन फ्रीसन होता तेव्हा एकोणीस होते.

एल्डन. स्टाइनबाखचा, कोंबड्या पाळणाऱ्या घरातला.
साडेसात लाख. याहून कमी देण्याची लीगची परवानगीच नाही.
त्याचं काम एकच: गोलकीपरच्या डोळ्यांपुढे उभं राहायचं.
पाठीत स्टिका खायच्या, हलायचं नाही.
लाँडसेथचा फटका त्याच्या काखेखालून जायचा,
कधी नडगी सोलून जायचा.
गोल लाँडसेथच्या नावावर.
कुणाला काही दिसू न देणं,
याला माझ्या वहीत रकाना नाही.

नोव्हेंबरात ओलावीचा गुडघा फिरला.
दुखापतीच्या यादीत नाव गेलं की पगार अंथरुणाबाहेर धरतात.
त्या रात्री मला गाढ झोप लागली.
हे मी चर्चमध्ये, जाळीपलीकडच्या फादरलाही
सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत गुडघा बरा झाला. खेळाडूंनी केक आणला.
ओलावीचे साडेतीस लाख,
माझ्याकडे जागा तेवीस लाखांची.
साडेसात कमी.
कधी कधी गणित इतकं नेमकं येतं
की पेन्सिल खाली ठेवावीशी वाटते.

एल्डन बॅग घेऊन माझ्या दारात आला. बसला नाही.
"किती कमी पडत होते?"
मी आकडा सांगितला.
त्यानं ओठ हलवून मनात वजाबाकी केली.
"मग बरोबर आहे," म्हणाला,
आणि उत्तरेकडची, खालच्या संघाची बस पकडायला गेला.
दार त्यानं हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आज शेवटच्या दोन मिनिटांत पॉवर प्ले मिळाला.
बर्फावर आमचे पाच, पाचही देखणे,
पक कसा गोल गोल फिरत होता, लोण्यावरून फिरावा तसा.
आणि त्यांच्या गोलकीपरला सगळं दिसत होतं:
मनगट वळताना, फटका सुटताना,
दोन्ही निळ्या रेघा, घड्याळ,
तिसऱ्या रांगेतली मीसुद्धा
बहुतेक.

बेरीज जुळली.
शिल्लक चार हजार एकशे बारा डॉलर.
सवयीनं भागून बघते:
साडेसात लाख भागिले हंगामाचे एकशे शहाऐंशी दिवस,
चार हजार बत्तीस.
म्हणजे एल्डनचा एक दिवस बसतो यात.
वर ऐंशी उरतात, बसच्या तिकिटाला.

एक दिवस.
भिंतीवर सामन्यांचं कॅलेंडर आहे.
मी खुर्ची फिरवून त्याच्याकडे बघत बसते,
कुठला मागावा.